काचेच्या हौदातील हिरवे शैवाल

इसवी सन १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, आणि बरोबर आणलेले पाणी मोजके. ते नासू नये म्हणून त्यांनी एक उपाय योजला. घरातील मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात आणि पुन्हा दुसऱ्यातून पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचे. पाण्यात हवा मिसळावी, एवढाच त्यातील हेतू होता. पुढील वर्षी बाईंनी प्रवाळांच्या सोबतीला समुद्रवनस्पतीही ठेवल्या. मोलकरणीचे हात जे काम अर्धा-पाऊण तास करीत होते, तेच काम या वनस्पती उजेड असेपर्यंत अखंड आणि कोणाच्या नकळत करू शकतात.

याच सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन हे अशाच प्रश्नाच्या मागे लागले होते. १८४९ साली त्यांनी गोड्या पाण्याच्या एका मोठ्या काचपात्रात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात काही गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. प्राणी व वनस्पती एकमेकांना सांभाळून घेतात, हा या प्रयोगाचा निष्कर्ष त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केला आणि मग समुद्राच्या पाण्यावर प्रयोग सुरू केले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांचा मोठा हात होता. १८५४ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने तर इंग्लंडात घरोघरी खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या ठेवण्याचे वेडच पसरविले.

त्या काळी हिरव्या शैवालाचे एकच मोल मानले जाई : ते पाण्यात प्राणवायू सोडते. हे खरे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. राहिलेले अर्धे पुष्कळ नंतर कळले, आणि आज खाऱ्या पाण्याच्या हौदात शैवाल मुद्दाम वाढविले जाते ते मुख्यतः त्यासाठी.

पाण्यातील अदृश्य हिशेब

हौदातील मासा जे अन्न खातो, त्यातील प्रथिनांमध्ये नायट्रोजन असतो. त्याचा बराचसा भाग मासा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात टाकतो. अमोनिया माशांना विषारी आहे. सुदैवाने वाळूत आणि दगडांवर राहणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवितात व दुसरे काही जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट पुष्कळ कमी घातक असते. पण ते पाण्यातून सहजासहजी जात नाही. समुद्रात त्याचा मागमूस लागू नये इतके पाणी असते. शंभर लिटरच्या हौदात मात्र ते दिवसेंदिवस साठत जाते. अन्नातून येणाऱ्या फॉस्फेटचीही हीच गत होते.

शैवाल येथे उपयोगी पडते. वाढण्यासाठी त्याला नायट्रोजन व फॉस्फरस दोन्ही लागतात आणि ते दोन्ही पाण्यातून थेट शोषून घेते. मग ते शैवाल मुठीने उपटून हौदाबाहेर काढले की त्याच्याबरोबर ही द्रव्येही बाहेर जातात. साधा हिशेब करून पाहावा. शंभर ग्रॅम ओले शैवाल वाळविले की सुमारे दहा ग्रॅम उरते, असे धरू. त्यात शेकडा तीन या प्रमाणात नायट्रोजन असेल, तर तो ०.३ ग्रॅम होतो. नायट्रेटच्या रूपात मोजल्यास तो सुमारे १.३ ग्रॅम भरेल. म्हणजे शंभर लिटरच्या हौदातून एका छाटणीत दर लिटरमागे १३ मिलिग्रॅम नायट्रेट निघून गेले. पाणी बदलून हेच साधावयाचे तर कित्येक बादल्या खारे पाणी तयार करावे लागले असते.

शैवाल नुसते वाढू देऊन भागत नाही, ते काढले पाहिजे, हे यावरून ध्यानात येईल. पुष्कळ हौशी लोक हौदातील गर्द हिरवी झाडी पाहून खूष होतात आणि छाटणीचा कंटाळा करतात. अशी झाडी एक दिवस आतून कुजते आणि महिनोन्‌महिने साठविलेले सारे एकदम पाण्यात परत टाकते. बँकेत ठेवलेली रक्कम सावकाराच्या घरी गेली, असाच तो प्रकार!

कोणते शैवाल निवडावे

हिरव्या समुद्रशैवालांत उल्वा ही सर्वांत परिचित. मुंबईपासून कोकणच्या खाली खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जी पोपटी, पातळ, कागदासारखी झालर खडकांना चिकटलेली दिसते, ती बहुधा उल्वाच असते. तिचा पापुद्रा पेशींच्या अवघ्या दोन थरांचा असतो. त्यामुळे तिची प्रत्येक पेशी पाण्याला भिडलेली राहते आणि पोषकद्रव्ये झपाट्याने शोषली जातात. मासे ती आवडीने खातात. म्हणून माशांपासून वेगळ्या कप्प्यात वाढवावी.

कीटोमॉर्फा हे दुसरे शैवाल म्हणजे हिरव्या, ताठर तंतूंचा गुंता. पेशीमागे पेशी अशी एकेरी माळ, हीच त्याची सारी रचना. त्याला मुळासारखे काही नसले तरी चालते; तो गोळा पाण्यात मोकळा तरंगत राहतो. नवशिक्याने यापासूनच आरंभ करावा. गोळा फिरता राहील इतका पाण्याला प्रवाह असावा, म्हणजे त्याच्या सर्व बाजूंना उजेड मिळतो. पंधरवड्याने गोळा दुप्पट झाला की अर्धा काढून टाकावा. याहून सोपी बागाईत सापडणे कठीण.

हॅलिमेडा हे शैवाल चुनखडीच्या चपट्या मण्यांची माळ असावी तसे दिसते. पाण्यातील कॅल्शियम घेऊन ते आपल्या अंगात चुना साठविते, आणि ते मेल्यावर उरणाऱ्या पांढऱ्या चकत्यांची वाळू बनते. प्रवाळबेटांच्या वाळूत अशा चकत्यांचा मोठा वाटा असतो. मात्र त्याची वाढ मंद असल्याने पाणी शुद्ध करण्याच्या कामी त्याचा फारसा उपयोग नाही. ते शोभेसाठीच ठेवावे.

आता राहिले कॉलर्पा. या शैवालाबद्दल अधिक सांगावे लागेल, कारण हौदातील शैवालाचा खरा इतिहास याच्याच भोवती फिरला आहे.

एकाच पेशीचे झुडूप

कॉलर्पा वरवर पाहता एखाद्या जमिनीवरील वेलीसारखे वाटते. वाळूवरून सरपटणारे खोड, त्याला खाली मुळांसारखे तंतू आणि वर पानांसारखे उभे भाग. काही जातींची पाने साधी, लांबट पट्ट्यांसारखी असतात. काहींची पिसासारखी, तर काहींची द्राक्षांच्या घोसासारखी. फिलिपाइन्समध्ये सेबूजवळच्या मॅक्टन बेटावर १९५०च्या सुमारापासून यांपैकी एक घोसदार जात खाण्यासाठी तळ्यांत लावली जाते. आपल्याकडे ओखा, मालवण, रत्नागिरी, मंडपम अशा खडकाळ किनाऱ्यांवर कॉलर्पाच्या जाती आढळतात. १९६३ साली वर्णन केलेल्या एका जातीला तर गुजरातेतील वेरावळचेच नाव मिळाले आहे.

पण हे खोड, ही मुळे, ही पाने यांची आमच्या ओळखीच्या खोड-मुळे-पानांशी काही नातेसंबंध नाही. कॉलर्पाचे संपूर्ण झुडूप ही एकच पेशी असते. आंब्याच्या एका पानात लक्षावधी पेशी असतात आणि प्रत्येकीला स्वतःची भिंत असते. कॉलर्पात आडव्या भिंती नाहीतच. आत एकसंध जीवद्रव्य वाहत असते, त्यात असंख्य केंद्रके व हरितकण तरंगत असतात, आणि भिंतीच्या आतील बाजूंना जोडणाऱ्या बारीक आडव्या काड्या तेवढा आधार देतात. भूमध्य समुद्रातील एका जातीत अशा एकाच पेशीचे खोड अडीच मीटरांपर्यंत लांबलेले आढळले आहे.

एवढी मोठी पेशी फाटली तर तिच्यातील सारे जीवद्रव्य वाहून जावयास हवे. तसे होत नाही. जखमेच्या ठिकाणी काही मिनिटांतच जीवद्रव्य गोठून बूच बसते. मग त्या तुकड्यातूनच नवे खोड, नवी मुळे व नवी पाने फुटतात. सेंटिमीटरभर तुकडासुद्धा पुरतो. शिवाय पुष्कळ माशांना व गोगलगायींना न रुचणारे एक तीव्र रसायन या शैवालात असते, त्यामुळे त्याला खाणारे थोडे.

शैवाल वाढविणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचे दुसरे काय असावे? मित्राकडून बोटभर तुकडा आणावा, वाळूवर ठेवून वर एक लहान दगड ठेवावा, आणि महिन्याभरात कोपरा हिरवागार व्हावा.

हौदाची मांडणी

शाळेत किंवा ग्रंथालयात असा हौद ठेवावयाचा असेल, तर तो फार लहान घेऊ नये. पाणी जितके अधिक, तितकी चूक पचविण्याची त्याची शक्ती अधिक. साठ ते शंभर लिटर हे माप आरंभाला बरे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नागपूर, भोपाळ किंवा दिल्लीच्या शाळेने समुद्राचे पाणी आणण्याच्या भानगडीत पडू नये. हौदासाठी तयार मिळणारे क्षारमिश्रण गोड्या पाण्यात विरघळवून काम भागते. स्वयंपाकाच्या मिठाने मात्र भागत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराइड यांच्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेट ही द्रव्येही ठराविक प्रमाणात असतात आणि जिवांना त्या सर्वांची गरज असते. मिश्रण विरघळल्यावर विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास आहे की नाही, हे तरंगत्या मापकाने पाहावे.

उन्हाळ्यात हौदातील पाणी आटते, तेव्हा एक चूक हमखास घडते : कमी झालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घातले जाते. वाफ होते ती केवळ पाण्याची. क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याचीच. ते नळाचे असेल, तर त्यातील क्लोरीन आधी घालविलेला असावा. वाफेमुळे पाणी किती उतरले हे कळण्यासाठी काचेवर बाहेरून एक खूण करून ठेवावी.

उष्ण कटिबंधातील जाती २४ ते २७ अंश सेल्सियस तपमानात चांगल्या वाढतात. दिवे पांढऱ्या प्रकाशाचे असावेत व दिवसातून दहा-बारा तास लावावेत. खिडकीतील थेट ऊन टाळावे. त्याने पाणी तापते आणि नको असलेले केसाळ शैवाल काचेवर माजते. शैवाल पिवळट, फिकट पडू लागले तर दोन कारणे संभवतात : उजेड कमी आहे, किंवा पाण्यात खाण्यासारखे उरलेले नाही. मासे थोडे आणि शैवाल फार, अशा हौदात नायट्रेट पार संपून जाते. कधी नायट्रेट असते पण लोह संपलेले असते. मोठ्या समुद्रशैवालाच्या अंगात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे तीस अणू असतात. यास्तव पाण्यात फॉस्फेट कितीही असले, तरी नायट्रोजन संपताच वाढ थांबते आणि फॉस्फेट जागच्या जागी राहते.

शैवालासाठी मुख्य हौदाला जोडलेला निराळा कप्पा करणे उत्तम. त्यात मासे नसतात, म्हणून शैवाल शाबूत राहते, आणि बारीक कोळंबीवर्गीय किडे तेथे निर्वेध वाढून माशांना खाद्य पुरवितात. या कप्प्याचा दिवा मुख्य हौदाचा दिवा मालवल्यावर लावावा. अंधारात शैवालही इतर जिवांप्रमाणे प्राणवायू घेते व कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. त्यामुळे रात्री पाण्याची आम्लता वाढते व प्राणवायू उतरतो. एका बाजूला रात्र असताना दुसऱ्या बाजूला दिवस चालू ठेवला, की हा चढउतार पुष्कळ कमी होतो.

कॉलर्पा ठेवणाऱ्यास एका सकाळची तयारी ठेवावी लागते. आदल्या दिवशीपर्यंत गर्द हिरवे दिसणारे शैवाल दुसऱ्या दिवशी उजाडताना काचेसारखे पांढरे पडलेले असते, आणि सारे पाणी हिरवट दुधासारखे गढूळ झालेले असते. हा रोग नव्हे. कॉलर्पा प्रजननाला सज्ज झाले की त्याचे बहुतेक सारे जीवद्रव्य युग्मकांत, म्हणजे नरमादी बीजपेशींत, रूपांतरित होते. ती पहाटे पाण्यात सोडली जातात आणि मागे केवळ रिकामे कवच उरते. समुद्रात ही घटना भव्यच म्हटली पाहिजे. लहान हौदात मात्र ती माशांच्या जिवावर बेतू शकते, कारण कुजणारे द्रव्य पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. अशा वेळी शैवाल ताबडतोब काढून टाकावे, पाण्यात हवा सोडणारा पंप जोरात चालवावा आणि पाण्याचा मोठा भाग बदलावा. नियमित छाटणी केल्यास असा प्रसंग क्वचित येतो.

मोनॅकोच्या भिंतीखाली

जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी विल्हेल्मा नावाचे प्राणिसंग्रहालय आहे. तेथील मत्स्यालयात १९८०च्या सुमारास कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही पिसासारख्या पानांची जात वाढविली जात होती. ही मूळची उष्ण समुद्रातील जात, पण तेथील वाण विलक्षण काटक निघाला. त्याची वाढ झपाट्याची, रंग तेजस्वी, आणि थंड पाणीही त्याला सोसे. चांगले रोप एकमेकांना देण्याची पद्धत बागवानांप्रमाणे मत्स्यालयांतही आहे. त्या पद्धतीनुसार हा वाण इतर मत्स्यालयांत पोचला. मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालय हे त्यांपैकी एक. १९१० साली उघडलेली ही भव्य वास्तू भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर, कड्याला लागून उभी आहे.

१९८४ साली या संग्रहालयाच्या खाली, समुद्रतळावर, कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक ताटवा दिसला. त्याचे क्षेत्र होते सुमारे एक चौरस मीटर. भूमध्य समुद्रात हिवाळ्यात पाण्याचे तपमान १२-१३ अंशांपर्यंत उतरते. उष्ण समुद्रातील शैवाल तेथे तगणार नाही, असा सर्वसाधारण समज होता. एखाद्या पाणबुड्याने त्या दिवशी एक पिशवी घेऊन खाली उतरावयाचे आणि तो ताटवा वेचून आणावयाचा, एवढ्यावर काम भागले असते. ते झाले नाही. १९८९पर्यंत ताटव्याचा विस्तार सुमारे एक हेक्टर झाला. १९९० साली हे शैवाल तेथून काही किलोमीटरांवर कॅप मार्टिन येथे सापडले. आता ते जहाजांच्या नांगरांना आणि मासेमारीच्या जाळ्यांना अडकून बंदराबंदरांतून प्रवास करू लागले होते. ओलसर, अंधाऱ्या जागी, नांगराच्या दोरखंडाच्या वेटोळ्यात, त्याचा तुकडा पाण्याबाहेरही दहा दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो.

मग वाद माजला. हे शैवाल मत्स्यालयातून आले, असे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांद्र मेनेझ व त्यांचे सहकारी म्हणत होते. ते तांबड्या समुद्रातून सुवेझ कालव्यावाटे आपण होऊन आले असावे, किंवा ते भूमध्य समुद्रातील दुसऱ्याच एका जातीचे बदललेले रूप असावे, असे दुसरा पक्ष प्रतिपादीत होता. वृत्तपत्रांनी त्याला ‘मारेकरी शैवाल’ असे भडक नाव दिले. माणसाला ते मुळीच मारीत नाही. वादाची वर्षे शैवालाच्या पथ्यावर पडली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने भूमध्य समुद्रातील शैवाल व मत्स्यालयांतील वाण एकच असल्याचे दाखवून दिले. त्यांचे जवळचे नातलग पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या समुद्रात सापडले. भूमध्य समुद्रात या वाणाची केवळ नर युग्मके आढळली आहेत. म्हणजे बीजाने पसरण्याचा मार्ग त्याला बंद होता. तेथील सारा पसारा तुकड्यातून तुकडा असाच झाला.

२००० सालाच्या अखेरीस स्पेन, फ्रान्स, मोनॅको, इटली, क्रोएशिया व ट्युनिशिया या सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटर समुद्रतळ या शैवालाच्या कवेत आला होता. भूमध्य समुद्रात पॉसिडोनिया नावाचे समुद्रगवत उगवते. त्याच्या कुरणांत मासे अंडी घालतात, पिले लपतात, वाळू धरून ठेवली जाते. त्याची ही जात जगात इतरत्र नाही. कॉलर्पाची दाट सतरंजी त्या कुरणांत शिरली, म्हणून शास्त्रज्ञ इतके अस्वस्थ झाले होते.

त्याच वर्षी १२ जून रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे, आगुआ हेडिओंडा नावाच्या खाजणात, समुद्रगवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना हेच शैवाल दिसले. तेथे मोनॅकोचा अनुभव ठाऊक होता. तीन आठवड्यांच्या आत काम सुरू झाले. प्रत्येक ताटव्यावर जाड प्लॅस्टिकचे आच्छादन घालून कडा दाबून बंद केल्या आणि आत क्लोरीन सोडला. हंटिंग्टन हार्बर येथेही तसेच केले. मग वर्षानुवर्षे पाणबुडे तळाचा कानाकोपरा तपासत राहिले. २००६च्या जुलैमध्ये शैवाल समूळ नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला होता. हौदातील पाणी कोणीतरी बाहेर ओतले असावे, यापलीकडे त्याच्या उगमाचा पत्ता लागला नाही.

भूमध्य समुद्रातील गोष्टीला पुढे अनपेक्षित वळण मिळाले. २००५ नंतरच्या वर्षांत तेथील टॅक्सिफोलियाचे ताटवे पुष्कळ ठिकाणी विरळ झाले, काही ठिकाणी नाहीसे झाले. त्याची सर्व कारणे अद्याप उलगडलेली नाहीत. म्हणून तेथला समुद्र निर्धास्त झाला असेही नाही, कारण १९९० साली लिबियाच्या किनाऱ्यावर प्रथम दिसलेली कॉलर्पाची दुसरी एक ऑस्ट्रेलियन जात दरम्यान तेथे दूरवर पसरली आहे.

छाटणीनंतर

भारतीय वाचकाच्या मनात येथे एक शंका येईल. कॉलर्पा टॅक्सिफोलिया मन्नारच्या आखातात मुळातच आहे. मग आपल्याकडे तिची धास्ती कशासाठी? उत्तर असे की, उपद्रव जातीने केला नाही, वाणाने केला. मन्नारच्या आखातातील टॅक्सिफोलिया आपल्या शेजाऱ्यांसह तेथे नांदत आली आहे. श्टुटगार्टचा काटक वाण तिच्यासारखा दिसतो, एवढेच. दुकानातून आणलेला तुकडा कोणत्या वाणाचा आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. परका वाण समुद्रात उतरल्याचे उदाहरण आपल्याकडेही घडले आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवडीसाठी आणलेले कप्पाफायकस हे लाल शैवाल शेताची हद्द ओलांडून कुरुसडई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे २००८ साली निदर्शनास आले.

किनाऱ्यावरून शैवाल गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रवाळ आणि प्रवाळाचे दगड उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शैवाल चिकटलेले आहे म्हणून तो दगडच उचलून आणू नये. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर कशालाच हात लावू नये.

हौदातून काढलेले शैवाल नाल्यात, गटारात, विहिरीत किंवा खाडीत टाकू नये. मुंबई, चेन्नई यांसारख्या शहरांत पावसाच्या पाण्याचे नाले थेट खाडीला मिळतात. छाटलेले शैवाल बंद पिशवीत घालून दिवसभर शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, किंवा रुंद ताटात पातळ पसरून ते बोटांनी चुरडेल इतके कडक उन्हात वाळवावे. नुसत्या ढिगात ते आतून ओले व जिवंत राहते. त्यानंतर ते केरात टाकण्यास हरकत नाही. क्षारांमुळे ते झाडांच्या आळ्यात मात्र घालू नये. हौदातील जुने पाणी समुद्रापासून व नाल्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओतावे. त्यात तुकडे तरंगत असतील तर आधी दाट फडक्यातून गाळून घ्यावे, आणि फडकेही वाळवावे.

कात्री, जाळी, नळ्या व बादल्या गोड्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवाव्यात. कॉलर्पाच्या एकुलत्या एक पेशीला गोडे पाणी सोसत नाही. पाणी आत शिरत जाते आणि पेशीचा तोल बिघडतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळच्या वेस्ट लेक्स या खाऱ्या सरोवरात टॅक्सिफोलिया शिरली, तेव्हा २००३ साली तेथे याच गुणाचा उपयोग करून घेतला. सरोवरात गोडे पाणी सोडून त्याचा खारेपणा उतरविला, आणि तेथील शैवाल नाहीसे झाले. शाळेतील हौदाची हत्यारे धुण्यास त्यासाठी नळाची एक बादली पुरते.